साच्यातून कॉन्टॅक्ट लेन्स: धातूच्या इन्सर्टपासून सीलबंद ब्लिस्टरपर्यंत

एक सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स बनवायला प्लास्टिकचे दोन साचे लागतात, आणि लेन्स बाहेर निघाली की दोन्ही टाकून द्यायचे. पुढच्या लेन्सला नवी जोडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही शुद्ध उधळपट्टी वाटली होती. पण रोज बदलायच्या लेन्स परवडतात त्या नेमक्या या उधळपट्टीमुळे, कारण या पद्धतीत लेन्स कातावी लागत नाही, घासावी लागत नाही, पॉलिशही करावी लागत नाही. नंबर, वक्रता, कडेची गोलाई हे सगळं साच्यात आधीच भरलेलं असतं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हा या धंद्याचा पहिला नियम. म्हणून या लेखात साच्यावर जास्त वेळ घालवणार आहे आणि लेन्स 'ओतण्यावर' त्या मानाने कमी.

आधीच एक सांगतो. हे प्रक्रिया समजून घेण्यासाठी आहे. प्रयोगशाळेत किंवा टूलरूममध्ये चाचणीची लेन्स घडवणं वेगळं आणि ती डोळ्यावर ठेवणं वेगळं. उरलेला मोनोमर (लेन्स ज्यापासून बनते तो कच्चा द्रव), खरबरीत कड, निर्जंतुक नसलेलं सलाईन, यातलं एकही बुबुळाला जखम करायला पुरेसं आहे. चाचणीची लेन्स मापायची, कापून बघायची आणि फेकायची.

थोडी पार्श्वभूमी

हेमा नावाच्या मोनोमरपासून बनणारं, पाणी शोषून मऊ होणारं प्लास्टिक डोळ्यासाठी वापरता येईल, हे चेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० साली मांडलं. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी प्रागमधल्या घरी मुलांच्या मेर्कुर खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र बनवलं आणि त्यावर पहिल्या चार लेन्स काढल्या. त्यांचा साचा उघडा होता आणि गरगर फिरायचा. लेन्सचा पुढचा पृष्ठभाग साचा ठरवायचा, मागचा फिरण्याचा वेग. अमेरिकेत सॉफ्ट लेन्सला मान्यता मिळाली ती १९७१ मध्ये, याच फिरत्या साच्याच्या तंत्रावर. दोन बंद साच्यांमध्ये लेन्स घडवण्याची पद्धत जोर धरू लागली १९८० च्या दशकात, वापरून फेकायच्या लेन्स बाजारात आल्या तेव्हा. आता आपण बोलतोय ते याच पद्धतीबद्दल.

पहिली पायरी: उलटा हिशोब

नवशिके थेट साचा काढायला बसतात. साच्याचा हिशोब मात्र डोळ्यावरच्या ओल्या लेन्सपासून सुरू होतो आणि मागे मागे जातो. ओली लेन्स, तिच्याआधी कोरडी लेन्स, तिच्याआधी प्लास्टिकचा साचा, त्याच्याही आधी तो साचा ज्यावर घडतो तो धातूचा इन्सर्ट. चार पिढ्या आहेत आणि प्रत्येक पिढीत माप बदलतं. आकारही उलटतो: इन्सर्ट फुगीर असेल तर साचा खोलगट होतो आणि लेन्स पुन्हा फुगीर.

एक उदाहरण हातानेच सोडवू. हवी आहे वजा ३.०० नंबरची लेन्स, बेस कर्व्ह (मागच्या पृष्ठभागाची त्रिज्या) ८.६ मिमी, व्यास १४.२ मिमी, मधली जाडी ०.०८ मिमी. ओल्या हेमाचा अपवर्तनांक १.४३ धरू.

मागच्या पृष्ठभागाची शक्ती म्हणजे १ वजा १.४३, भागिले ०.००८६ मीटर. उत्तर येतं वजा ५०.०० डायॉप्टर (लेन्सचा नंबर याच एककात मोजतात). म्हणजे पुढच्या पृष्ठभागाने अधिक ४७.०० द्यायला हवेत. जाडी विसरलो तर पुढची त्रिज्या ९.१५ मिमी निघते. पण ०.०८ मिमी जाडीसुद्धा या वक्रतेवर सुमारे ०.१२ डायॉप्टरचा फरक पाडते, म्हणून ती धरली की त्रिज्या होते ९.१७ मिमी.

आता ही त्रिज्या चुकून ०.०५ मिमीने जास्त झाली तर काय होतं ते बघा. ०.०५ मिमी म्हणजे साधारण एका केसाची जाडी. नंबर पाव डायॉप्टरने सरकतो. आयएसओ १८३६९ या मानकात १० डायॉप्टरपर्यंतच्या सॉफ्ट लेन्सला सूट आहे ती अधिक-उणे ०.२५ एवढीच. म्हणजे एका केसात सगळी सूट संपली, आणि अजून क्युअरिंग (साच्यातलं मिश्रण घट्ट करणं), धुणं, फुगणं या सगळ्यांच्या चुका यायच्याच आहेत.

आता आणखी मागे जाऊ. सुमारे ३८ टक्के पाणी धरणारी साधी हेमा लेन्स कोरडीची ओली होताना लांबीत साधारण १.१७ पट फुगते. म्हणून कोरडी त्रिज्या पुढे ७.८४, मागे ७.३५ आणि व्यास १२.१ मिमी. कोरडी लेन्स साच्याला चिकटूनच घट्ट होते, त्यामुळे साच्याची त्रिज्याही हीच धरायची. साचा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर तो थंड होताना साधारण दीड टक्का आकसतो. म्हणून पुढच्या बाजूचा इन्सर्ट ७.९६ मिमीला कातायचा.

हे आकडे म्हणजे पहिला अंदाज. प्रत्यक्षात या अंदाजावर एक संच कातायचा, त्यातून शे-दोनशे लेन्स काढायच्या, मापायच्या आणि इन्सर्ट दुरुस्त करायचा. दोन फेऱ्यांत जमलं तर नशीब समजा. कागदावरच्या गुणांकावर विसंबून थेट बत्तीस कॅव्हिटींचे, म्हणजे एका वेळी बत्तीस साचे काढायला लागणारे, इन्सर्ट कातून घेणारे लोक मी पाहिले आहेत. पुढे ते इन्सर्ट पेपरवेट म्हणून छान दिसतात.

दुसरी पायरी: इन्सर्ट

इन्सर्ट म्हणजे बोटाच्या पेराएवढा धातूचा खुंट, ज्याच्या टोकावर लेन्सचा आकार कोरलेला असतो. हे टोक एकाच हिऱ्याच्या हत्याराने अतिअचूक लेथवर कातलं जातं. नेहमीचं स्टील इथे चालत नाही, कारण लोखंडाची हिऱ्यातल्या कार्बनशी विक्रिया होते आणि ती धार खाऊन टाकते. म्हणून पितळ, तांब्याचे मिश्रधातू किंवा स्टीलवर निकेलचा जाड थर देऊन त्या थरात कातकाम करतात.

पृष्ठभागाची खरबड काही नॅनोमीटरमध्ये हवी आणि आकाराची चूक मायक्रॉनच्या आत. डोळ्याला आरसा दिसतो म्हणजे काम झालं असं नाही. इंटरफेरोमीटरवर, म्हणजे उजेडाच्या पट्ट्यांवरून पृष्ठभाग मापणाऱ्या यंत्रावर, पट्ट्या बघायच्या. मध्यबिंदूवर हत्यार अगदी किंचित वर-खाली बसलं तर टोकाला बारीक टेंगूळ किंवा खळगा राहतो. तो प्रत्येक साच्यात आणि प्रत्येक लेन्सच्या नेमक्या मध्यावर उतरतो, म्हणजे बाहुलीसमोर.

कडेचा आकारही इथेच ठरतो. लेन्स टोचते की नाही, हे बहुतेक वेळा मधल्या वक्रतेपेक्षा कडेवर अवलंबून असतं. म्हणून दोन साचे कडेला कुठे आणि कोणत्या कोनात भेटतात यावर डिझायनरचा निम्मा वेळ जातो.

बेस कर्व्हचा इन्सर्ट सहसा सगळ्या नंबरांना एकच ठेवतात आणि नंबर पुढच्या इन्सर्टमध्ये बदलतात. दंडगोल (सिलिंडर) नंबरच्या लेन्समध्ये एक सुंदर युक्ती आहे. दंडगोल वक्रता मागच्या साच्यात आणि लेन्स डोळ्यावर सरळ ठेवणारा जाडसर भाग पुढच्या साच्यात ठेवायचा. मग दोन साचे एकमेकांवर ठेवताना किती अंशांनी फिरवायचे, त्यावरून लेन्सचा अक्ष ठरतो. प्रत्येक अक्षाला वेगळा इन्सर्ट लागत नाही.

तिसरी पायरी: प्लास्टिकचे साचे

इन्सर्ट इंजेक्शन मोल्डिंगच्या डायमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरतात त्या धातूच्या ठोकळ्यात, बसवतात. एका डायमधून पुढच्या बाजूचे खोलगट साचे निघतात, दुसरीतून मागच्या बाजूचे फुगीर. टूलरूममध्ये त्यांना मादी आणि नर म्हणतात. इन्सर्टच्या मागे शिम (धातूच्या पातळ चकत्या) घालून जाडी जुळवतात. ओल्या लेन्सची मधली जाडी ०.०८ मिमी म्हणजे कोरडी त्याहूनही पातळ, त्यामुळे इथे शिमचा प्रत्येक मायक्रॉन मोजला जातो.

पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आहे, रसायनांना दाद देत नाही आणि लेन्स त्यातून सहज सुटते. पॉलिस्टायरीन कमी आकसतं, माप छान धरतं, पण काही मोनोमर त्याला चावतात. सिलिकॉन हायड्रोजेलसाठी (सिलिकॉन मिसळलेलं, पाणी धरणारं लेन्सचं प्लास्टिक) काही जण जास्त ध्रुवीय, म्हणजे पाण्याशी जास्त जमणारं, साच्याचं प्लास्टिक वापरतात, कारण साच्याचा स्वभाव लेन्सच्या पृष्ठभागाला लागतो आणि लेन्स ओलावा धरेल की नाही हे त्यावरही अवलंबून असतं.

पॉलिप्रॉपिलीनची एक खोड लक्षात ठेवा. डायमधून निघाल्यावरही ते हळूहळू आकसत राहतं, पहिल्या दिवसात सगळ्यात जास्त. म्हणून तासाभरापूर्वीचे साचे आणि तीन दिवसांपूर्वीचे साचे एकाच लॉटमध्ये मिसळायचे नाहीत. साच्याचं वय ठरवून घ्या, मग ते किती हे तितकंसं महत्त्वाचं नाही, पण रोज तेच हवं. आणि प्रत्येक साच्यावर कॅव्हिटीचा क्रमांक कोरून घ्या. त्याचा उपयोग शेवटी कळेल.

चौथी पायरी: मिश्रण

साध्या हायड्रोजेलचं मिश्रण ऐकायला सोपं आहे: बहुतांश हेमा, अर्धा ते एक टक्का क्रॉसलिंकर, तेवढाच किंवा कमी इनिशिएटर. क्रॉसलिंकर साखळ्यांना एकमेकांत बांधतो, इनिशिएटर उजेड किंवा उष्णता मिळाली की विक्रिया पेटवतो. जास्त पाणी हवं असेल तर मेथाक्रिलिक आम्ल किंवा व्हिनाइल पायरोलिडोन मिसळतात.

खरी मेख हेमाच्या शुद्धतेत असते. हेमा बनवताना त्यात थोडा क्रॉसलिंकर आणि थोडं मेथाक्रिलिक आम्ल आपोआप राहतं. नव्या ड्रममध्ये हे प्रमाण किंचित जरी वेगळं असलं तरी लेन्स कमी-जास्त फुगते आणि इन्सर्टवर घातलेली सगळी मेहनत पाण्यात जाते, अक्षरशः. म्हणून प्रत्येक नव्या लॉटमधून थोड्या लेन्स काढून फुगण्याचं प्रमाण मापल्याशिवाय तो लॉट लाइनवर चढवायचा नाही.

पुष्कळ कारखाने यात ग्लिसरीनसारखं पाण्याने धुऊन निघणारं डायल्युअंट घालतात. पुढे जिथे पाणी बसणार आहे तिथे आधीच हा पाहुणा बसवून ठेवायचा. मग लेन्स साच्यात आकसतेही कमी आणि पाण्यात फुगतेही कमी. अर्थात मघाचा १.१७ चा गुणांक इथे लागू होत नाही.

मिश्रण व्हॅक्यूममध्ये ठेवून त्यातली हवा काढा, बारीक फिल्टरमधून गाळा आणि पिवळ्या दिव्याखाली ठेवा, नाहीतर खिडकीतला उजेडच बाटलीत काम सुरू करतो. हेमाची कातडीला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती आयुष्यभर राहू शकते. पातळ हातमोज्यांतून ते काही मिनिटांत आत झिरपतं. थेंब पडला की मोजा लगेच बदला, काम संपल्यावर नाही.

पाचवी पायरी: भरणं आणि बंद करणं

कोरड्या लेन्सला स्वतःला साधारण १५ मायक्रोलिटर पुरतं, पण ओततात त्याच्या दुप्पट-तिप्पट. जास्तीचं मिश्रण कडेबाहेर ढकललं जाऊन तिथे एक कडं तयार होतं. हे वाया गेलेलं कडंच लेन्सच्या कडेला हवा शिरण्यापासून वाचवतं.

थेंब खोलगट साच्याच्या बरोबर मध्यावर सोडायचा. मग फुगीर साचा सरळ, सावकाश खाली आणायचा. त्याचं टोक आधी थेंबाच्या माथ्याला टेकलं पाहिजे, म्हणजे द्रव मधून कडेकडे पसरत जातो आणि हवेला पुढे हाकलतो. घाई केली किंवा साचा तिरका उतरला, तर हवेचा बारीक बुडबुडा अडकतो. तो नंतर कितीही दाबलात तरी निघत नाही.

आता ऑक्सिजन. घट्ट होण्याची विक्रिया मुक्त मूलकांवर (इनिशिएटरपासून सुटणाऱ्या अतिशय चपळ तुकड्यांवर) चालते आणि ऑक्सिजन त्यांना गिळतो. म्हणून भरण्याची जागा नायट्रोजनखाली ठेवतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण पॉलिप्रॉपिलीन स्वतः ऑक्सिजन शोषून बसतं, हे विसरलं जातं. त्यामुळे रिकामे साचे आधी काही तास नायट्रोजनमध्ये ठेवावे लागतात. एकदा आमच्याकडे एका लॉटच्या लेन्स मधून ठीक आणि कडेला चिकट निघाल्या. दिवे तपासले, मिश्रण तपासलं, इनिशिएटर बदलून पाहिला. दोन दिवसांनी कळलं की लाइन बंद पडली होती तेव्हा साच्यांचे ट्रे जेवणाच्या सुट्टीभर उघड्या ट्रॉलीवर राहिले होते. कड सगळ्यात पातळ, आणि साच्यातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनचा मार आधी तिथेच बसतो. तेव्हापासून ट्रेवर वेळ लिहायची पद्धत पडली.

सहावी पायरी: क्युअरिंग

जोडी बंद केली की तिच्यावर हलका दाब ठेवून अतिनील किंवा निळ्या उजेडाखाली नेतात. उष्णतेने करायचं असेल तर नायट्रोजनच्या भट्टीत टप्प्याटप्प्याने तापमान चढवतात. उजेडाचं काम मिनिटांत होतं, भट्टीला तास लागतात.

डायल्युअंट नसेल तर हेमाचं आकारमान घट्ट होताना पंधरा ते वीस टक्क्यांनी घटतं. ही घट जाते कुठे? त्रिज्या आणि व्यास साच्याने धरून ठेवलेले असतात, त्यामुळे सगळा भार जाडीवर येतो. दोन्ही साचे एकमेकांकडे सरकले तरच ती भरून निघते. म्हणून एका साच्याची कड मुद्दाम पातळ, लवचीक ठेवतात. साचे ताठ असतील तर लेन्समध्ये पोकळ्या पडतात किंवा ती एका बाजूने साच्यापासून सुटते आणि तिथे पृष्ठभाग ढगाळ दिसतो.

भपकन प्रखर उजेड देऊन वेळ वाचवायचा मोह टाळा. आधी मंद उजेडात जेल बनू द्या, मग तीव्रता वाढवा. एकदम पेटलेली विक्रिया लेन्समध्ये ताण कोंडते, आणि तो ताण पाण्यात गेल्यावर लेन्स वेडीवाकडी होऊन बाहेर पडतो.

सातवी पायरी: सोडवणं, धुणं, फुगवणं

साचे उघडताना लेन्स नेहमी ठरलेल्या एकाच अर्ध्यावर राहिली पाहिजे. कधी इकडे, कधी तिकडे असं झालं तर यंत्राला ती सापडतच नाही. एका साच्याला थोडी उष्णता दिली की तो लेन्सपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि पकड सुटते. हाताने करून बघा: कड दोन बोटांत धरून साचा किंचित पिळायचा. बरोबर जमलं तर 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि वरचं कडं फुगीर साच्याबरोबर निघून जातं. आवाजाऐवजी चरचर ऐकू आली तर कड फाटली समजा.

यानंतर कोरडी लेन्स काचेच्या पापुद्र्यासारखी कडक आणि ठिसूळ असते. पाण्यात टाकली की आधी कडेने कुरळी होते, मिनिटभर एखाद्या सुकल्या पानासारखी वळते आणि मग हळूहळू उघडते. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, बिघडली. थांबा.

धुण्याचा उद्देश उरलेला मोनोमर आणि डायल्युअंट बाहेर काढणं. हेमाला कोमट शुद्ध पाण्याच्या काही फेऱ्या पुरतात. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये न विरघळणारे तेलकट अवशेष असतात, त्यांना आधी अल्कोहोल लागतं आणि मग पाणी. शेवटी बफर केलेल्या सलाईनमध्ये लेन्स पूर्ण स्थिरावू द्यायची. मेथाक्रिलिक आम्ल असलेल्या लेन्स आम्लतेला फार हळव्या असतात: सलाईनचा पीएच सरकला की व्यास सरकतो.

आठवी पायरी: मापणं

मापं २० अंश सेल्सियसला, प्रमाणित सलाईनमध्ये स्थिरावलेल्या लेन्सवर घ्यायची. व्यास आणि बेस कर्व्ह दोन्हींना सूट अधिक-उणे ०.२० मिमी. नंबर हवेत मापायचा तर लेन्स टिपून काही सेकंदांत उरकावं लागतं, कारण ती तेवढ्यात सुकायला लागते. सलाईनमध्ये मापली तर सुकण्याचा प्रश्न नाही, पण तिथे तिची शक्ती हवेतल्या शक्तीच्या पाव हिश्श्याहूनही कमी दिसते. मग गुणाकार करताना मापनाची चूकही चौपटीहून जास्त होते. मी दोन्ही पद्धतींनी मापतो आणि आकडे जुळले नाहीत तर आधी स्वतःवर शंका घेतो.

चिरा, बुडबुडे, तुटक्या कडा यांची तपासणी कॅमेरे करतात, लेन्स पाण्यात तरंगत असताना, काळ्या पार्श्वभूमीवर.

नववी पायरी: ब्लिस्टर आणि ऑटोक्लेव्ह

लेन्स पॉलिप्रॉपिलीनच्या वाटीत सलाईनसह ठेवून वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा उष्णतेने चिकटवतात. या सीलबंद वाटीलाच ब्लिस्टर म्हणतात. मग १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं. आतलं पाणी तापून वाटी फुगते, म्हणून चेंबरमध्ये बाहेरून हवेचा दाब द्यावा लागतो, विशेषतः थंड करताना. तो लवकर सोडला तर सील फाटतं. निर्जंतुकतेची अट कडक आहे: दहा लाखांत एकाहून जास्त ब्लिस्टरमध्ये जिवंत जंतू उरण्याची शक्यता नको. ऑटोक्लेव्हनंतर नमुन्याच्या लेन्स पुन्हा मापा. काही लेन्सचं माप उष्णतेने थोडं सरकतं, आणि ग्राहकाच्या डोळ्यावर जाते ती ही लेन्स, ऑटोक्लेव्हआधीची नाही.

नमुना नापास झाला तर शोध कुठून सुरू करायचा? सगळ्याच लेन्स एकाच दिशेने सरकल्या असतील तर मोनोमरचा नवा ड्रम, सलाईन किंवा क्युअरिंगचं तापमान बघा. मापं दोन्हीकडे विखुरली असतील तर साच्यांचं वय आणि दाब. आणि दर आठवी लेन्सच चुकत असेल तर आठ कॅव्हिटींच्या डायमध्ये बहुधा एकच इन्सर्ट दोषी असतो. तेव्हा टाकून द्यायच्या साच्यांच्या पिशवीत हात घालायचा, तिथे कोरलेला क्रमांक वाचायचा, आणि तो इन्सर्ट काढून मायक्रोस्कोपखाली धरायचा.